हाक मारण्याची रीत

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून दूरवर ओळखले जाते. चैत्रातील यात्रेला येथे जी गर्दी लोटते तीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव, गाव, जात यांपैकी कशाचाच कोणाला पत्ता नसतो. तरीही बोलणे अडत नाही. 'मावशी, जरा सरका', 'आबा, पायरी जपून', 'ताई, लेकराला सांभाळा', 'दादा, पाणी कुठं मिळंल?' अशा हाकांनी यात्रा भरून जाते. अनोळखी माणसाला प्रथम नात्यात ओढायचे आणि मग त्याच्याशी बोलायचे, ही मराठी समाजाची जुनी रीत आहे. एस.टी.चा वाहक, बाजारातली भाजीवाली, तहसील कचेरीतला शिपाई या सर्वांचा व्यवहार याच रीतीवर चालतो. माणूस कोण हे कळण्याआधीच त्याला काका, मामा, अक्का असे काहीतरी होता येते.

या रीतीला एक अपवाद मात्र आहे, आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की तो अपवाद आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला स्त्री मानून स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती, जिला आपण तृतीयपंथी म्हणतो, ती समोर आली की बोलणाऱ्याची जीभ अडखळते. 'मावशी' म्हणायला मन धजत नाही, 'दादा' म्हणावे तर अंगावरचे लुगडे आड येते. मग जे तोंडातून निघते ते बहुधा 'ए' असते. कोणी हलकेच टाळी वाजवून दाखवतो, कोणी एखादा अर्वाच्य शब्द उच्चारतो, आणि बाकीचे हसतात.

याच टापूत याच व्यक्तीला दुसरीही एक हाक मिळते. तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडेश्वरी, कर्नाटकातील सौंदत्तीची यल्लमा यांच्या परंपरेत परडी आणि कवड्यांची माळ धारण करणाऱ्या जोगत्यांना मान आहे. अशा ठिकाणी लुगडे नेसलेल्या जोगत्यापुढे बायाबापड्या पदर पसरतात, त्याला 'आई' म्हणतात, त्याच्या पायावर डोके ठेवतात. लग्न झालेल्या किंवा बाळ जन्मलेल्या घरात आशीर्वादासाठी तृतीयपंथीयांना सन्मानाने ओवाळणी दिली जाते. पण यात्रा पांगली आणि तीच व्यक्ती बार्शीकडे जाणाऱ्या एस.टी.त चढली, की जिच्या पायावर डोके ठेवले तिच्या शेजारच्या जागेवर बसायला कोणी तयार होत नाही. देव्हाऱ्यापाशी आई आणि बसथांब्यावर 'ए', अशी ही दोन टोके आहेत. या दोहोंच्या मधली साधी, घरगुती, रोजची हाक तिच्या वाट्याला येत नाही.

हाकेने असे काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. शब्दांनी पोट भरत नाही, हे खरेच. परंतु पोट भरण्याचे बहुतेक सर्व मार्ग शब्दांतूनच उघडतात. मजुरीवर जाणाऱ्या बाईला मुकादम हाक मारतो, तेव्हा तिचा रोज पक्का होतो. खोली भाड्याने मागणाऱ्याशी घरमालक 'बसा' म्हणून बोलू लागतो, तेव्हा भाड्याची बोली सुरू होते. दवाखान्यात केसपेपरवरचे नाव पुकारले जाते आणि रोगी आत जातो. या प्रत्येक ठिकाणी तृतीयपंथी स्त्रीची गाडी पहिल्याच शब्दाशी अडते. कागदावर पुरुषाचे नाव, समोर स्त्री. नाव मोठ्याने पुकारले की सारा दालनभर माना वळतात. त्या नजरा चुकवण्यासाठी दुखणे अंगावर काढलेले बरे, असे एखादीला वाटले तर तिला दोष देता येत नाही. राज्य परिवहनच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. अशी स्त्री वाहकापुढे अर्धे तिकीट मागण्यास उभी राहिली आणि बसभर हशा पिकला, तर तो हशा टाळण्यासाठी ती पुढच्या वेळी निमूटपणे पूर्ण भाडे मोजील. अपमान टाळण्याची ही किंमत असते, आणि ती गरिबातल्या गरिबाकडून वसूल होते.

या वसुलीचा आरंभ शाळेत होतो. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज 'इतर' असा रकाना प्रथमच ठेवला गेला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. या 'इतर' गटातील साक्षरता सुमारे ५६ टक्के होती. त्याच वेळी देशाची एकूण साक्षरता सुमारे ७३ टक्के होती. या फरकाला कारणे अनेक आहेत. पण वर्गात रोज चिडवले जाणारे मूल शाळेत टिकत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला आकडेवारीशिवाय ठाऊक आहे. शाळा सुटली की कसब शिकणे सुटते, घर तुटते, आणि मग टाळी व मागणे एवढेच भांडवल हाती उरते. पुढे समाज त्या टाळीकडे बोट दाखवून म्हणतो, यांना कामच करायला नको. परिणामाला कारण ठरवण्याची ही चूक अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीदेखील करणार नाही.

समाजाच्या या वागण्याला सरकारी शिक्काही मिळालेला होता. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग या वर्गाची नोंद करून त्यावर पाळत ठेवण्यासाठीच होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, अशाच धर्तीचा स्वतंत्र कायदा झाला. धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात मोडत होता. नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर सजून वावरताना किंवा नाचगाणे करताना आढळली तर तिला वॉरंटाशिवाय पकडण्याची मुभा त्यात होती. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, तो २०२३ साली. शतकभर ज्यांना राज्यसंस्थेने संशयिताच्या यादीत ठेवले, त्यांना रस्त्यावरच्या माणसाने 'ताई' म्हणावे, ही अपेक्षा तोवर कोणत्या तोंडाने करायची?

अलीकडे वारे पालटले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असल्याचे सांगितले. २०१९ साली संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा केला. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत या कारणावरून तो फेटाळला गेला. औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी त्यांना स्त्री म्हणून ती निवडणूक लढवण्याची मुभा दिली आणि त्या निवडूनही आल्या. बाई कोणास म्हणावे हा प्रश्न न्यायालयाने कायद्यापुरता सोडवला. मतदारांनी तो मतपेटीपुरता सोडवला. उंबऱ्यावरचा, बाजारातला आणि बसमधला प्रश्न मात्र कोणत्याही निकालपत्राने सुटणारा नाही. तो बोलणाऱ्याच्या जिभेवरच सुटावा लागेल.

'आम्हांला दुखवायचे नसते, पण काय म्हणावे तेच कळत नाही,' असे पुष्कळ सज्जन म्हणतात. त्यात तथ्य आहे. बंगालीसारख्या भाषेत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. मराठीत ते पावलोपावली बदलते. 'तू कुठे जातोस' आणि 'तू कुठे जातेस' यांतील एक निवडल्यावाचून साधी चौकशीही करता येत नाही. पण याच व्याकरणात या अडचणीचा तोडगाही आहे आणि तो प्रत्येक मराठी माणसाला लहानपणापासून पाठ आहे. 'तू' सोडून 'तुम्ही' म्हटले की 'कुठे जाता', 'कधी आलात', 'काय घ्याल' ही रूपे स्त्री-पुरुष दोघांना सारखीच लागू होतात. 'अरे' पुरुषाला आणि 'अगं' स्त्रीला. 'अहो' मात्र दोघांनाही. म्हणजे संकोच निर्माण करतो तो एकेरीपणा. आदराने बोलणाऱ्यापुढे तो प्रश्न बहुधा उभाच राहत नाही. 'कसे आहात' की 'कशा आहात' अशी काही ठिकाणे उरतात खरी; तेथे अंगावरचे लुगडे पाहून 'कशा' म्हणावे, आणि तरीही शंका राहिली तर विचारावे. विचारल्याने कोणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक असतो. रेल्वेच्या डब्यात दमदाटी करून पैसे मागणाऱ्यांना आदराने का बोलवावे? दमदाटी कोणीही केली तरी ती निषेधार्हच होय आणि तिच्यासाठी कायदा आहे. परंतु एका वाहनचालकाने मुजोरी केली म्हणून सर्व वाहनचालकांना कोणी शिवी देत नाही. एकाच्या वागण्याचे माप साऱ्या वर्गाच्या पदरात घालण्याचा न्याय फक्त दुबळ्यांनाच लावला जातो.

ही नवी रीत बाहेरून आणण्याचीही गरज नाही. पंढरीच्या वाटेवर स्त्री असो वा पुरुष, म्हातारा असो वा पोर, प्रत्येक जण 'माउली' असतो. ज्ञानेश्वरांसारख्या पुरुषाला आई म्हणण्यात वारकऱ्याला शतकानुशतके काहीही वावगे वाटलेले नाही. ज्ञानोबांची पालखी ज्या माळशिरस तालुक्यातून जाते, त्याच तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली थेट सरपंचपदी एका तृतीयपंथी व्यक्तीला निवडले. गाव त्या सरपंचांना ओळखत होते ते 'माउली' याच नावाने. ज्या हाकेत स्त्री की पुरुष हा सवालच उरत नाही, ती हाक त्या गावाला शोधावी लागली नाही. ती जिभेवर होतीच.

शब्द कोणाच्या तोंडी आहे यालाही महत्त्व आहे. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २०१२ साली आलेल्या आपल्या आत्मकथनाला 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' असे नाव दिले. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी स्वतः उचलून मानाने मिरवला. तो अधिकार त्यांचा आहे. चौकात उभ्या असलेल्या टवाळाला तो त्यामुळे प्राप्त होत नाही. तमिळनाडूत करुणानिधी मुख्यमंत्री असताना 'तिरुनंगै', म्हणजे आदरणीय स्त्री, हा शब्द सरकारी व्यवहारात आणला गेला आणि तो लोकांत रुळला. मराठीत 'तृतीयपंथी' रुळला, 'किन्नर' आला, 'पारलिंगी'ही वापरला जाऊ लागला. हे शब्द तिच्याविषयी बोलण्यासाठी आहेत. तिच्याशी बोलण्यासाठी 'ताई' आणि 'मावशी' हे शब्द आधीपासून आहेत.

नावाचे महत्त्व या जिल्ह्याला कोणी शिकवावे असे नाही. उस्मानाबाद हे निजामाच्या नावावरून पडलेले नाव जाऊन २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव मिळाले, त्यापूर्वी कित्येक वर्षे येथील अनेकांनी ते नाव आग्रहाने उच्चारले. कोणी दिलेल्या नावापेक्षा आपण मानलेले नाव आपले असते, हेच त्यांचे म्हणणे होते. एखादी व्यक्ती स्वतःपुरते तेवढेच मागते, तेव्हा ती मागणी विचित्र कशी ठरते?

ही सुधारणा घडवण्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही खर्चावा लागणार नाही. हजेरी घेणारा शिक्षक, खिडकीमागचा कारकून, तिकीट फाडणारा वाहक, नाव पुकारणारी परिचारिका यांनी मनात आणले तर ती उद्यापासून सुरू होऊ शकते. सोनारीच्या यात्रेत नारळ घेऊन रांगेत उभ्या असलेल्या तिला मागच्या माणसाने 'मावशी, जरा पुढं सरका' एवढेच म्हणावे. इतरांना म्हणतात तसे, त्याच सुरात, त्याच घाईने.