जुनी औषधे हरल्यावर

अर्धशिशीचे नवे औषध पारखायचे तर ज्यांना जुन्या औषधांनी गुण आला नाही, त्यांच्यावरच पारखायला हवे. एरेनुमॅब या नव्या प्रतिबंधक इंजेक्शनच्या सुरुवातीच्या ‘स्ट्राइव्ह’ चाचणीत दोनपेक्षा जास्त गटांतली प्रतिबंधक औषधे लागू न पडलेले रुग्ण घेतलेच नव्हते. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आलेल्या त्याच औषधाच्या ‘लिबर्टी’ चाचणीने मात्र दोन ते चार औषधे करून थकलेले २४६ जण मुद्दाम निवडले. पहिले चार आठवडे नवे औषध नाही, फक्त रोजची नोंद: डोके कधी दुखले, किती वेळ, कोणती गोळी घेतली. नुसत्या आठवणीवर विसंबले तर ताज्या दुखण्याचा रंग साऱ्या महिन्यावर चढतो, म्हणून ही डायरी. जुन्या औषधांवरच्या ‘निष्फळ’ या शेऱ्यात गुण न येणे जसे येते, तसे न सोसल्यामुळे सोडणेही येते. टोपिरामेट या जुन्या गोळीने काहींच्या हातापायांना मुंग्या येतात, बोलताना शब्द सुचत नाहीत. अमिट्रिप्टिलिन या दुसऱ्या जुन्या गोळीने काहींना दिवसभर गुंगी राहते. अशी गोळी सोडली तर तो औषधाचा पराभव कसा, असे काही जण विचारतात. पण घेताच येत नाही ते औषध रुग्णाच्या काय कामाचे? दोन्ही कारणे वेगवेगळी नोंदवावीत, एवढे मात्र खरे.

याहून जड आक्षेप प्लासिबोवर, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या इंजेक्शनवर आहे. आधीच पिचलेल्या माणसाला तीन महिने औषधाविना सुई टोचायची, हे निर्दयपणाचे नाही का? झटका आल्यावर नेहमीची गोळी घेण्याची मुभा असते, तरी त्या महिन्यांतले हाल खरेच असतात. ते सोसायला लावण्याचे कारण आकड्यांत आहे. फ्रेमानेझुमॅब या दुसऱ्या नव्या औषधाच्या ‘फोकस’ चाचणीत महिन्यातले दुखण्याचे दिवस प्लासिबोवर सरासरी ०.६ ने घटले, औषधावर ३.७ ते ४.१ ने. एप्टिनेझुमॅब हे तिसरे नवे औषध सलाइनसारखे शिरेतून देतात. त्याच्या ‘डिलिव्हर’ चाचणीत प्लासिबोवरही २.१ दिवस घटले. दोन्हीकडे जुनी औषधे हरलेलेच लोक होते. नुसती नळी लावल्यानेही आशा जागी होत असावी. मग औषधाचे श्रेय वेगळे काढायला तुलनेवाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

‘लिबर्टी’त दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले ते औषध घेणाऱ्या ३० टक्क्यांचे, प्लासिबोवर १४ टक्क्यांचे. एवढ्यासाठी महागडे इंजेक्शन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने एरेनुमॅबबाबत मार्ग काढला: किमान तीन औषधे हरल्यावरच द्यायचे आणि अधूनमधून झटके येणाऱ्यांत १२ आठवड्यांत दिवस निम्म्याने घटले नाहीत तर थांबवायचे. नियम मला पटतो, मुदत नाही. काहींना गुण त्यानंतरही येतो.