दोन याद्या, दोन वेगळे हिशोब

मिरज, पुणे किंवा मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस होऊन अमेरिकेत रेसिडेन्सी करू पाहणाऱ्या डॉक्टरला एका हंगामात दोन याद्या कराव्या लागतात. पहिली सप्टेंबरात, कोणकोणत्या प्रोग्रामना अर्ज करायचा याची. दुसरी मार्चच्या तोंडाशी, जिथे मुलाखती झाल्या त्या प्रोग्रामच्या पसंतीक्रमाची. बरीच मुलं पहिल्या यादीत स्वप्नं भरतात आणि दुसऱ्या यादीत भीती. करायला हवं नेमकं उलट. या विषयातले बहुतेक गैरसमज या अदलाबदलीतून येतात, आणि त्यांची किंमत पैशांत आणि वर्षांत मोजावी लागते, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे जितके अर्ज जास्त तितकी खात्री जास्त. 2025 च्या मॅचच्या, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांची संगणकाने जुळवणी करणाऱ्या प्रक्रियेच्या, हंगामात एका विषयातल्या पहिल्या 30 अर्जांना प्रत्येकी 11 डॉलर आणि 31 व्यापासून पुढच्या प्रत्येकाला 30 डॉलर असा दर होता. म्हणजे 30 अर्ज 330 डॉलरमध्ये, 150 अर्ज 3,930 डॉलरमध्ये. रुपयांत तीन लाखांहून जास्त, तेही फक्त अर्जांचे. इतके पैसे भरणाऱ्या मुलाच्या यादीत जर साठ-सत्तर असे प्रोग्राम असतील की जे व्हिसाच देत नाहीत किंवा पाच वर्षांपेक्षा जुनी पदवी चालवून घेत नाहीत, तर ते अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. आधी चाळणी लागते, मग माणूस वाचतो. बंद दारांवर कितीही वेळा थाप मारली तरी दारांची संख्या वाढत नाही.

आता तर संख्येचा आधार आणखी कमी झाला आहे, कारण सिग्नल आले. अर्ज करताना ठरावीक प्रोग्रामना 'मला तुमच्याकडे खरंच यायचं आहे' असं कळवता येतं आणि हे सिग्नल मोजकेच मिळतात. 2025 च्या हंगामात इंटर्नल मेडिसिनमध्ये ते 15 होते, 3 सोनेरी आणि 12 रुपेरी. शेकड्यांनी, कुठे हजारांनी अर्ज येणाऱ्या ठिकाणी मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना सिग्नलकडे लक्ष जातंच. म्हणून यादीतली खरी मेहनत या पंधरा नावांवर व्हायला हवी. सोनेरी सिग्नल केवळ नावासाठी एखाद्या विख्यात संस्थेला देऊन टाकायचा, आणि आपल्यासारख्यांना दरवर्षी घेणारा प्रोग्राम सिग्नलशिवाय सोडायचा, ही चूक मला सर्वांत जास्त खटकते.

दुसरा गैरसमज आपल्याकडच्या परीक्षापद्धतीतून येतो. नीट-पीजीला एक रँक असतो, कट-ऑफ असतो आणि मागच्या वर्षीचे आकडे पाहून कुठे काय मिळेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. त्या सवयीने मुलं विचारतात, '245 ला कुठे मिळेल?' अमेरिकेत या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिथे एकच गुणवत्ता यादी नसते. 26 जानेवारी 2022 पासून तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, स्टेप वनचा, निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. गुण उरले ते पुढच्या टप्प्याचे, स्टेप टू सीकेचे. त्यांनी चाळणी ओलांडता येते, पण त्यापुढे पदवीचं वर्ष, तिथल्या रुग्णालयात प्रत्यक्ष केलेलं काम, तिथल्या डॉक्टरांची पत्रं, पहिल्याच प्रयत्नात पास झाला की नाही, अशा सगळ्याचा एकत्र विचार होतो. उत्तम स्कोअर असूनही मुलाखती न आलेला आणि मध्यम स्कोअरवर दहा मुलाखती मिळालेला, असे दोघे एकाच बॅचमध्ये सापडू शकतात. दुसऱ्याचं नशीब जोरावर होतं असं म्हणून विषय सोडू नये. त्याची यादी मागून घ्यावी आणि नीट वाचावी.

आकडेही नीट वाचायला हवेत. 2025 मध्ये मॅचमध्ये 43,237 जागा उपलब्ध होत्या, हे ऐकून धीर येतो. त्याच वर्षी तिथल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी 93.5 टक्क्यांना प्रथम वर्षाची जागा मिळाली आणि परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी 58 टक्क्यांना. या 58 टक्क्यांच्या हिशोबात फक्त पसंतीक्रम सादर केलेले उमेदवार येतात. एकही मुलाखत न आल्याने जे त्या पायरीपर्यंत पोचलेच नाहीत, ते यात मोजलेले नाहीत. विषयाची निवड इथे निर्णायक ठरते. इंटर्नल मेडिसिनच्या एकट्याच्या दहा हजारांहून अधिक जागा आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांचा मोठा हिस्सा तिथेच सामावतो. फॅमिली मेडिसिन, बालरोग, पॅथॉलॉजी, न्यूरॉलॉजी इथेही वाट आहे. त्वचारोग, अस्थिरोग, प्लास्टिक सर्जरी या विषयांत ती इतकी अरुंद आहे की तिथेच जायचं असेल तर अनेकांना आधी एक-दोन वर्षं संशोधनात घालवावी लागतात.

नावाच्या मोहाबद्दल थोडक्यात सांगते. कम्युनिटी हॉस्पिटलची रेसिडेन्सी म्हणजे दुय्यम पदवी असं अजूनही घराघरांत समजलं जातं. प्रोग्राम विद्यापीठाचा असो की गावातल्या रुग्णालयाचा, मान्यता देणारी संस्था एकच आहे आणि त्यानंतरची बोर्डाची परीक्षाही एकच. पुढे कार्डिऑलॉजीची फेलोशिप करायची असेल तर फरक पडू शकतो, हे खरं. पण तो फरक नावावरून ठरवू नये, तिथून गेल्या तीन वर्षांत कोण कुठे गेलं हे पाहून ठरवावा. बहुतेक प्रोग्रामच्या संकेतस्थळांवर सध्याच्या रेसिडेंटांचे फोटो आणि त्यांची कॉलेजं दिलेली असतात. त्या एका पानावर यादीचं अर्धं काम होतं. भारतातल्या कॉलेजांची नावं दिसली तर दार उघडं आहे. तीन वर्षांच्या तुकड्यांत बाहेरचं एकही नाव नसेल तर तिथे पैसे घालू नयेत.

'व्हिसाचं नंतर बघू' हेही फार ऐकू येतं. नंतर बघायला काही उरत नाही. जे-१ व्हिसाचं प्रायोजकत्व ईसीएफएमजी ही परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणारी संस्था घेते आणि बहुसंख्य परदेशी रेसिडेंट त्यावरच येतात, पण शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट त्याला जोडलेली असते. ती माफ करून घ्यायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात साधारण तीन वर्षं नोकरी, हा नेहमीचा मार्ग. एच-१बी साठी स्टेप थ्री आधी पास व्हावी लागते, आणि तो देणारे प्रोग्राम मुळातच कमी. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने देशाबाहेरच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. म्हणून मागच्या वर्षीच्या सीनियरने दिलेली 'एच-१बी देणाऱ्यांची यादी' डोळे मिटून वापरू नये. प्रोग्रामच्या कोऑर्डिनेटरला दोन ओळींची ईमेल पाठवावी. उत्तर आलं नाही तर तो प्रोग्राम यादीच्या तळाशी.

आता दुसरी यादी. इथे शहाणी मुलंही घसरतात, आणि वाईट याचं वाटतं की इथे धोका मुळात नसतोच. 'तिथले लोक फार आपुलकीने बोलले, ते नक्की घेतील, म्हणून त्यांना पहिला नंबर देतो. मनातला प्रोग्राम दुसऱ्यावर.' या हिशोबामागे समजूत अशी, की वरची जागा अवघड ठिकाणावर 'वाया' गेली तर खालचं सोपं ठिकाणही हातचं जाईल. तसं होत नाही. 1998 पासून मॅच ज्या पद्धतीने चालते ती ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी सुधारली. रॉथ यांना 2012 मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच जुळवणीच्या कामासाठी. या पद्धतीत संगणक उमेदवाराच्या पहिल्या पसंतीपासून सुरुवात करतो. तिथे जागा नाही मिळाली तर दुसरीकडे जातो, आणि दुसऱ्या प्रोग्रामने आपल्या यादीत तुम्हाला वर ठेवलं असेल, तर तिथे आधी तात्पुरत्या बसलेल्या खालच्या उमेदवाराला उठवून तुम्हाला बसवतो. तुम्ही त्यांना पहिला नंबर दिला होता की दुसरा, याने काहीच बदलत नाही. तुमचा क्रम त्यांना दिसत नाही आणि तो विचारायची त्यांना परवानगीही नाही.

म्हणून मुलाखती संपल्यावर सोपं-अवघड हा हिशोब बाजूला ठेवायचा. जिथे तीन वर्षं राहायला आवडेल, जिथले रेसिडेंट थकलेले असले तरी मोकळेपणाने बोलत होते, जिथे जोडीदारालाही काम मिळेल, ते वर. यादी आखूडही करायची नाही. पाच मुलाखती झाल्या असतील तर पाचही नावं लिहायची. अपवाद एकच, जिथे काही झालं तरी जायचं नाही ते ठिकाण. मॅचचा निकाल बंधनकारक असतो, त्यामुळे असं नाव शेवटच्या ओळीतही लिहू नये.