काडी मोडण्याआधी

संसार मोडण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा! काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, तलाक, घटस्फोट. पंचांसमोर काडी मोडली की नाते तुटले, अशी रीत अनेक जातींत होती; त्यातून काडीमोड आला. फारकत अरबी-फारसीतून आली आणि इथलीच होऊन राहिली. कविता लिहिणारा माणूस म्हणून मला त्याच वाटेने आलेला आणखी एक शब्द फार आवडतो : दिलजमाई. फारकत आणि दिलजमाई यांच्या मधल्या जागेत जो माणूस बसतो, तो मध्यस्थ. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले डोंगरी तालुके. वेल्ह्याचे नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. नाव बदलले तरी वाट तीच. नीरा, वेळवंडी, गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. कोर्टाची एक तारीख म्हणजे पहाटेची एसटी, दिवसाचा खाडा आणि बरोबर येणाऱ्या भावाचाही खाडा. तारखेला पुढची तारीख पडली की तोच खर्च पुन्हा.

म्हणून नवरा-बायकोत बिनसले की आधी बैठक बसते. दोन्हीकडचे पाहुणे, गावचे जाणते, कधी सरपंच, कधी पोलीस पाटील. या बैठकीला मी नावे ठेवणार नाही. तिने पुष्कळ घरे सावरली आहेत. पण तिच्यात एक खोट आहे. ज्या मुलीचा संसार, ती बहुतेक वेळा दाराआड उभी असते. निकाल तिला निरोपासारखा कळतो : ‘झालं गेलं विसर आणि नांदायला जा.’ नाहीतर स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून तिच्या हाती ठेवतात. ही चिठ्ठी कोर्टात सहसा टिकत नाही. जातीत तशी रूढी आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते झाले नाही, तर कायद्याच्या लेखी लग्न शाबूतच राहते, आणि पुढे दुसरे लग्न, वारसा, पेन्शन अशा प्रत्येक वळणावर ती चिठ्ठी आडवी येते.

कायद्यातला मध्यस्थ वेगळा असतो. तो निवाडा देत नाही. दोघांना समोरासमोर बसवतो, गरज पडली तर वेगवेगळे भेटतो. तिथे झालेले बोलणे गुप्त राहते. समेट फिसकटला तरी ते पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, दोघांनी पुन्हा एकत्र नांदावे एवढेच त्याचे काम नव्हे. शहाणपणाने वेगळे होणे हाही समेटच.

हे काही कालपरवाचे नाही. हिंदू विवाह कायद्याने १९५५ सालीच कोर्टावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने तीच आणखी ठळक केली. पण तो कायदा मुख्यतः दहा लाखांवर वस्तीची शहरे डोळ्यांपुढे ठेवून झाला. दिवाणी दाव्यातला वाद मध्यस्थीकडे पाठवण्याची तरतूद २००२ साली लागू झाली, आणि वैवाहिक तंट्यांत मध्यस्थीचा प्रयत्न झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गुंजवणी खोऱ्यातली मुलगी भोरकडे दिली आहे. नवरा शिरवळच्या कारखान्यात आहे. दोन वर्षे ती माहेरी आहे, मुलगा चौथीत. भांडण ‘चूक कुणाची’ यावर अडले आहे. मध्यस्थ विचारतो, उद्याचे काय? मुलगा कुणाकडे राहील? बाप त्याला कोणत्या रविवारी भेटेल, दिवाळीची सुट्टी कुठे? खावटी किती आणि कोणत्या तारखेला बँकेत जमा होईल? दागिने, भांडीकुंडी कधी परत? शाळेचा खर्च कुणाचा? एकेक गोष्ट कागदावर आली की भांडणाची धार आपोआप बोथट होत जाते. हाच समझोता लोकअदालतीत झाला तर त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते. त्यावर अपील नाही आणि दाव्याची भरलेली कोर्ट फीही परत मिळते. संमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे. त्यातली सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रकरणात माफ करता येते, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

मुसलमान घरांतही ही कल्पना परकी नाही. बेबनाव झाला तर एक जाणता नवऱ्याच्या घरातून आणि एक बायकोच्या घरातून नेमावा, असे कुराणातच सांगितले आहे. पण ही शिकवण बाजूला पडली आणि तीनदा उच्चारलेला शब्द तेवढा उरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २००२ मध्ये दगडू पठाण खटल्यात नेमके यावरच बोट ठेवले : तलाक दिला असे नुसते म्हणून भागणार नाही, कारण दाखवा, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी प्रयत्न केल्याचे सिद्ध करा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात हेच सूत्र मान्य केले. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ साली रद्द ठरला आणि २०१९ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे आधी संरक्षण, मग बोलणी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा त्यासाठीच आहे. घाबरलेल्या माणसाने दिलेला होकार हा होकार नव्हे. मध्यस्थीतून केव्हाही उठून जाण्याची मोकळीक दोघांनाही असते, आणि हे तिला सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

मग जायचे कुठे? तालुका विधी सेवा समितीकडे. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. तिचे उत्पन्न किती, हे त्यासाठी पाहिले जात नाही. दावा दाखल होण्याआधीही तिथे अर्ज करता येतो. गावच्या जाणत्यांनीही हेच करावे. बैठक जरूर बसवावी, पण तिथे ठरलेले कोर्टाच्या शिक्क्यापर्यंत न्यावे. आणि बैठक बसवताना पहिली सतरंजी तिच्यासाठी अंथरावी, जिचा संसार आहे.