एकही शर्यत न जिंकलेला विश्वविजेता



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गावर माझी बदली तासिका होती. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी वहीत काही लपवीत होता. वही मागितली, तर आत मोटारसायकल शर्यतींचा एक तक्ता निघाला. मी रागावणार, तेवढ्यात त्यानेच विचारले, "सर, यात छपाईची चूक आहे का? जगज्जेत्याच्या नावापुढे जिंकलेल्या शर्यती शून्य लिहिल्या आहेत."

खरे सांगायचे तर मलाही ती चूकच वाटली. घरी येऊन शोध घेतला, तेव्हा तक्ता बरोबर निघाला. वर्ष होते १९९९, वर्ग १२५ सीसी, आणि विजेत्याचे नाव एमिलिओ अल्झामोरा. त्या मुलाला दिलेले उत्तर सर्वांनी वाचावे असे वाटले, म्हणून हा लेख.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. मोटारसायकलच्या जागतिक ग्रां प्री स्पर्धा १९४९ साली सुरू झाल्या आणि पहिल्या वर्षापासूनच त्यात १२५ सीसीचा हलका वर्ग होता. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या जेवढी जागा व्यापत वर-खाली होतो, तेवढे ते माप. १९९९ मध्ये १२५, २५० आणि ५०० असे तीन वर्ग होते. त्यातला १२५ हा सर्वांत लहान. तरुण चालक बहुधा येथूनच सुरुवात करीत. पुढे फार मोठे नाव झालेला इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी १९९७ साली याच वर्गात प्रथम जगज्जेता झाला.

आपल्या रस्त्यावरची १०० सीसीची गाडी साधारण सात-आठ अश्वशक्ती देते. शर्यतीची १२५ सीसीची गाडी मात्र ४५ ते ५० अश्वशक्तीच्या घरात होती. इंजिन एका सिलिंडरचे आणि टू-स्ट्रोक. ज्यांच्या घरी जुनी लूना किंवा स्कूटर होती, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरल्याचे आठवत असेल. तीच ही जात. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतच होतो. त्यामुळे लहानशा इंजिनातूनही पुष्कळ शक्ती मिळते, पण धूरही तेवढाच होतो.

या वर्गाची खरी गंमत हवेत आहे. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो. ताशी २०० किलोमीटरच्या पुढे लहान इंजिनाची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्या गाडीने हवा कापलेली असते, म्हणून तिच्या मागे चिकटून चालणाऱ्याला कमी जोर लागतो. समोरून वारा असताना सायकलने टेम्पोच्या मागे जाणाऱ्याला हे ठाऊक असते. (टेम्पोच्या मागे चिकटून सायकल चालवू नये, हे येथेच सांगून ठेवतो.) परिणामी १२५ सीसीच्या शर्यतीत एकटा पुढे निघून जाणे फार कठीण. पाच-सहा जणांचा घोळका शेवटच्या फेरीपर्यंत बरोबर असे, आणि पहिला व सहावा यांत एखाद्या सेकंदाचेच अंतर उरे. अशा ठिकाणी पहिले येण्याला कौशल्य लागतेच, पण नशिबाचाही थोडा हात लागतो.

आता गुणांचे गणित पाहू. १९९३ पासून प्रत्येक शर्यतीत पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात. पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३, पाचव्याला ११, सहाव्याला १०, आणि तेथून एकेक कमी होत पंधराव्याला १. पहिल्या पाच-सहा क्रमांकांतली अंतरे पाहा : ५, ४, ३, २, १. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा मान सर्वांत मोठा ठेवला आहे. पण जो पडला किंवा ज्याची गाडी बंद पडली, त्याला शून्य.

पाचवी-सहावीच्या मुलांनी कागद-पेन्सिल घ्यावी. एक चालक चार शर्यतींपैकी दोन जिंकतो आणि दोनदा पडतो. त्याचे गुण ५०. दुसरा चारही वेळा चौथा येतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याचे गुण ५२!

हे लक्षात ठेवून १९९९ चा हंगाम पाहा. एप्रिलमध्ये मलेशियात सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला अर्जेंटिनात संपलेल्या एकूण १६ शर्यती. पहिल्या आठपैकी पाच जपानच्या मासाओ अझुमाने जिंकल्या. मुकुट त्याचाच, असे कोणालाही वाटले असते. पण त्यानंतर त्याला एकही जिंकता आली नाही. दुसरीकडे इटलीचा मार्को मेलांद्री उसळून वर आला. आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, नेदरलँड्समधील आसेन येथे वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याने शर्यत जिंकली होती आणि तेव्हाचा सर्वांत लहान ग्रां प्री विजेता ठरला होता. १९९९ मध्ये त्यानेही पाच शर्यती जिंकल्या. उरलेल्या सहा लोकातेली, स्काल्विनी, व्हिन्सेंट आणि उएदा या चौघांत वाटल्या गेल्या.

आणि अल्झामोरा? स्पेनमधील लेइदा गावचा हा २६ वर्षांचा चालक. त्याच वर्षी त्याचा देशबंधू आलेक्स क्रिव्हिये ५०० सीसीचा जगज्जेता झाला, तो ५०० सीसीचा मुकुट मिळवणारा पहिला स्पॅनिश चालक. साहजिकच सगळे कौतुक तिकडे. अल्झामोरा मात्र शर्यतीमागून शर्यत गुण जमवीत राहिला. पहिला कधीच नाही, पण पहिल्यांपासून दूरही नाही.

अर्जेंटिनाच्या शेवटच्या शर्यतीपूर्वी त्याचे गुण २०७ होते आणि मेलांद्रीचे २०१. मेलांद्री जिंकला तर २२६ होणार. अल्झामोरा तिसरा आला असता तर त्याचे २२३ झाले असते, म्हणजे मुकुट मेलांद्रीचा. दुसरा आला तरच २२७. मेलांद्रीला नुसते जिंकून भागणार नव्हते, दोघांच्या मध्ये आणखी एखादी गाडी यायला हवी होती. मेलांद्री जिंकला. त्याच्या मागे दुसरा आला अल्झामोरा. २२७ विरुद्ध २२६. सोळा शर्यतींनंतर एका गुणाचा फरक! अझुमा १९० गुणांवर तिसरा राहिला. गाडीमुळे असे झाले असेही म्हणता येत नाही, कारण तिघांच्याही गाड्या होंडाच्याच होत्या.

अझुमाचे १९० गुण जरा फोडून पाहा. पाच विजयांचे १२५. उरलेल्या अकरा शर्यतींत केवळ ६५, म्हणजे शर्यतीमागे सहासुद्धा नाहीत. अल्झामोराची सरासरी १४ च्या थोडी वर येते. (मी हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे 'सरासरी' म्हणण्याआधी आजही तोंडात 'औसत' येते.) चौथ्या क्रमांकाला १३ आणि तिसऱ्याला १६ गुण. म्हणजे सहा-साडेसहा महिने तो दर शर्यतीत सरासरीने तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये राहिला. नुसते विजय मोजले असते, तर सहा चालक त्याच्या पुढे असते आणि त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नसते.

यावर वर्गात चांगलाच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "सर, पाच वेळा जिंकणाऱ्यावर हा अन्याय नाही का?" प्रश्न रास्त आहे. याचे एकच उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या काळी याच स्पर्धेत सर्व शर्यती मोजल्या जात नसत, प्रत्येकाचे ठरावीक सर्वोत्तम निकालच धरले जात. म्हणजे काय मोजायचे हे माणसे ठरवतात, आणि जे मोजले जाते त्याप्रमाणे विजेता बदलतो. मेलांद्री काही कमी नव्हता, २००२ मध्ये तो २५० सीसीचा जगज्जेता झालाच. पण नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होते, आणि त्या नियमांत अल्झामोराने कोणाचे काही हिरावून घेतले नाही.

हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट आठवते. पूर्वी मी जेथे शिकवीत होतो, तेथे एक पालक मुलाची टी.सी. घ्यायला आले. कागद तयार करताना मी त्याच्या सात वर्षांच्या अंकसूची चाळल्या. त्रैमासिक, अर्धवार्षिक, वार्षिक, प्रत्येक वेळी चौथा किंवा पाचवा. एकदाही त्याखाली नाही. वार्षिकोत्सवात पहिल्या तिघांची नावे वर्षानुवर्षे मीच वाचली होती. त्याचे नाव मी मंचावरून एकदाही उच्चारले नव्हते. वडील म्हणाले, "सर, तो सामान्यच आहे." घरच्यांचा हा समज कोणी करून दिला? आमच्या तक्त्याने, आणि तो वाचणाऱ्या माझ्या आवाजाने. तेव्हा मी काही बोललो नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. प्रथम क्रमांकाची पारितोषिके आहेत तशीच राहतील. पहिला येणे ही मोठीच गोष्ट आहे, म्हणून तर २५ आणि २० मध्ये सर्वांत जास्त अंतर ठेवले आहे. त्याखेरीज प्रत्येक वर्गात वर्षभराच्या सर्व चाचण्यांचे गुण मिळवून एक पारितोषिक सातत्याचे असावे. काही पालकांनी विचारले, "एकदाही पहिला न आलेल्याला बक्षीस द्यायचे?" त्यांना विनंती, वरचे आकडे एकदा मुलांबरोबर बसून मांडून पाहावेत आणि मग आपले मत अवश्य कळवावे.

अल्झामोरा पुढे तरुण चालकांचा मार्गदर्शक झाला. मार्क मार्केझ हा त्याच्या हाताखालचा. २०१० साली मार्केझने याच १२५ सीसी वर्गाचा मुकुट जिंकला, तोही दहा शर्यती जिंकून! २०११ नंतर हा वर्ग बंद झाला आणि २०१२ पासून त्याच्या जागी २५० सीसी फोर-स्ट्रोकचा मोटो-३ वर्ग आला. येथे आपलाही एक धागा जुळतो. मुंबईच्या महिंद्र कंपनीने २०११ मध्ये या स्पर्धेत पाऊल टाकले. पहिला विजय मिळाला थेट २०१६ मध्ये, आसेनलाच, फ्रांचेस्को बान्यायाच्या हातून. त्याआधीच्या वर्षांत विजयाच्या रकान्यात शून्यच होते.

शेवटी एक सूचना. मेलांद्री पंधराव्या वर्षी जिंकला, हे वाचून कोणी बाबांच्या गाडीची किल्ली शोधू नये. ते बंदिस्त मार्गावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आणि पूर्ण सुरक्षा पोशाखात घडले. आणि आता त्या स्पर्धेनेही २०२३ पासून किमान वय सर्वसाधारणपणे १८ केले आहे. शाळेच्या फाटकापाशी लायसन्सविना गाडी दिसली, तर पालकांना बोलावले जाईल.

त्या विद्यार्थ्याची वही मी परत केली आहे. तक्त्यात चूक नव्हती, असे त्याखाली लाल शाईने लिहून सहीही केली आहे.

आपला,
प्राचार्य