उडीपूर्वीचे पाच तास

१९७१ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २४ तारखेस, बुधवारी दुपारी, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील पोर्टलंड शहराच्या विमानतळावर काळा सूट, पांढरा सदरा आणि काळा टाय असा कचेरीतल्या कोणाही मध्यमवयीन माणसाला शोभेल असा पोशाख केलेल्या एका इसमाने वीस डॉलर रोख मोजून सिॲटलचे एकेरी तिकीट घेतले, 'डॅन कूपर' असे नाव सांगितले, आणि नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीच्या ३०५ क्रमांकाच्या विमानात मागच्या बाजूच्या आसनावर बसून बर्बन व्हिस्की मागवली. प्रवास अवघ्या अर्ध्या-पाऊण तासाचा होता आणि दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण असल्याने विमानातील सर्वांची मने घराकडे लागलेली होती. सेविकेला चिठ्ठी देऊन आणि स्फोटकांच्या पेटीचा धाक दाखवून विमान ताब्यात घेतलेला हा इसम त्याच रात्री आठ वाजून गेल्यावर खंडणीची दोन लाख डॉलरची रोकड अंगाला बांधून, पावसापाण्याच्या मिट्ट काळोखात, उडत्या विमानाच्या शेपटीखालच्या जिन्यावरून खाली गेला. आणि तेव्हापासून आजतागायत तो जिवंत वा मृत कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही.

या घटनेला दहा वर्षे होत असताना, १९८१ च्या नोव्हेंबरात, 'द परस्यूट ऑफ डी. बी. कूपर' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याला आधार होता जे. डी. रीड यांच्या 'फ्री फॉल' या कादंबरीचा. दिग्दर्शनाचा आरंभ जॉन फ्रँकेनहायमर यांनी केला, मग ते काम बझ कुलिक यांच्याकडे गेले आणि अखेरीस रॉजर स्पॉटिसवुड यांनी ते तडीस नेले. तीन हातांतून गेल्याच्या खुणा चित्रपटाच्या अंगावर स्पष्ट दिसतात, कारण कधी तो निव्वळ पाठलागाची करमणूक असतो, कधी युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या वैफल्याची कथा होऊ पाहतो, आणि कधी दुरावलेल्या नवराबायकोच्या समेटात रमतो. तिकीटबारीवर तो चालला नाही. तरीही मी तो लक्षपूर्वक दोनदा पाहिला, तो एवढ्यासाठी की, खऱ्या घटनेत रिकाम्या राहिलेल्या जागा पटकथाकाराने कशाने भरल्या आणि भरताना कोणाला बाहेर ठेवले, हे मला पडताळून पाहावयाचे होते.

प्रथम नावाचेच पाहा. अपहरणकर्त्याने सांगितले होते 'डॅन कूपर', 'डी. बी. कूपर' हे नाव पोर्टलंडमधल्या एका भलत्याच गृहस्थाचे, ज्याची पोलिसांनी संशयावरून चौकशी केली आणि निर्दोष म्हणून ज्याला सोडून दिले. वार्ताहरांच्या घाईगर्दीत हे नाव गुन्हेगाराला चिकटले ते कायमचेच. म्हणजे चित्रपटाच्या शीर्षकापासूनच आपण वस्तुस्थितीपासून एक पाऊल दूर असतो. एवढेच नव्हे, तर 'डॅन कूपर' हेही नाव उसने असावे असा तर्क पुढे काही तपासकर्त्यांनी केला, कारण बेल्जियममध्ये अल्बेर वाइनबर्ग या चित्रकाराने १९५४ पासून चालवलेल्या फ्रेंच चित्रकथेचा वैमानिक नायक याच नावाचा आहे.

चित्रपटाने या नावामागे एक माणूस उभा केला आहे. ट्रीट विल्यम्स या देखण्या, हसतमुख नटाने रंगवलेला जे. आर. मीड हा ग्रीन बेरेट पथकातला माजी सैनिक. कॅथरिन हॅरल्ड या अभिनेत्रीची हॅना ही त्याची दुरावलेली पत्नी. आणि रॉबर्ट डुव्हॉल यांचा ग्रुएन हा पूर्वी सैन्यात मीडचा सार्जंट असलेला, आता विमा कंपनीचा तपासनीस म्हणून त्याच्या मागावर निघालेला गृहस्थ. नदीच्या खळाळत्या प्रवाहातला पाठलाग खरोखरीच थरारक उतरला आहे, आणि डुव्हॉलचा ग्रुएन तर, आपल्याच हाताखाली तयार झालेल्या शिष्याचा माग काढणाऱ्या गुरूच्या डोळ्यांत जे कौतुक आणि जो संताप एकाच वेळी असावा, तो इतक्या संयमाने दाखवतो की, बाकीचा चित्रपट विसरला तरी तो चेहरा विसरत नाही.

परंतु मीड सैनिक का? याचे उत्तर खऱ्या घटनेतल्या एका लहानशा संवादात आहे. नॉर्थवेस्ट कंपनीवर त्याचा काही राग आहे काय असे विचारले असता, कंपनीवर आपला राग नाही, आपला राग आहे एवढेच, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला होता. कोणावर, कशाबद्दल, हे त्याने सांगितले नाही. या अनुत्तरित रागाला चित्रपटाने व्हिएतनामचा चेहरा दिला. प्रारंभी एफबीआयलाही वाटले होते की, हा कसलेला छत्रीधारी सैनिक असावा. ७२७ जातीच्या विमानाचा मागचा जिना हवेत उघडता येतो हे त्याला ठाऊक होते आणि विमान दहा हजार फुटांखाली, चाके उतरवून, पंखांच्या झडपा पंधरा अंशांवर ठेवून संथ चालवण्याच्या त्याच्या सूचना अचूक होत्या. पुढे मात्र तपासनिसांचे मत पालटले. कसलेला माणूस साध्या बुटांवर आणि पावसाळी कोटात, खाली काय आहे ते दिसत नसताना, अशा रात्री उडी मारणार नाही. शिवाय त्याने बरोबर नेलेली राखीव छत्री ही शिकाऊ मंडळींना वर्गात दाखवण्यासाठी शिवून बंद केलेली, निरुपयोगी छत्री होती, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

विमा कंपनीचा प्रसंग याहून बोधप्रद आहे. चित्रपटातला विमा तपासनीस मोटारी, विमाने आणि होड्या घेऊन डोंगरदऱ्यांतून धावतो. प्रत्यक्षातली ग्लोब इंडेम्निटी ही विमा कंपनी मात्र विमा उतरवलेल्या मालकाच्याच विरुद्ध न्यायालयात उभी राहिली. घडलेली चोरी पॉलिसीच्या कलमांत बसते की नाही यावर वाद झाला, तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७५ साली निकाल विमानकंपनीच्या बाजूने लागून १,८०,००० डॉलरचा दावा मान्य झाला. दफ्तरे, दावे आणि कलमांचा अर्थ यांत खऱ्या विमा कंपनीचा पाठलाग संपला.

मुद्देमालाची हकीकत थोडक्यात सांगतो. दोन लाख डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १५ लाख रुपये. वीस डॉलरच्या दहा हजार नोटा, प्रत्येकीचा क्रमांक सूक्ष्मपटावर उतरवून घेतलेला. १९७२ च्या वसंतात फोर्ट लुईसच्या सैनिकांनी एरियल या खेड्याभोवतालची रानेच्या राने तुडवली. हाती काही लागले नाही. १९७८ मध्ये एका शिकाऱ्याला जिना उघडण्याच्या सूचनांचा छापील फलक सापडला. १९८० च्या फेब्रुवारीत, वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूवर गावाजवळ कोलंबिया नदीच्या काठावर, आठ वर्षांच्या एका मुलाने शेकोटीसाठी वाळू सारली तेव्हा रबराने बांधलेली, कडांनी कुजलेली नोटांची तीन पुडकी वर आली; नोटा २९०, रक्कम ५,८०० डॉलर. नदीला तो पैसा कसा लागला याचा उलगडा झालेला नाही. चित्रपट निघाला तो या शोधाने कुतूहल पुन्हा पेटले असताना, आणि युनिव्हर्सल कंपनीने जाहिरातीसाठी, खऱ्या कूपरला पकडून देणारी माहिती जो देईल त्याला दहा लाख डॉलरचे इनाम जाहीर केले. चोरीच्या रकमेच्या पाचपट इनाम! ते मिळवायला कोणी पुढे आले नाही.

या दहा वर्षांत तो लोककथेचा नायक झाला होता. एरियलच्या खानावळीत दर नोव्हेंबरात त्याच्या नावाने उत्सव भरू लागला. कोणी मेले नाही, कोणी जखमी झाले नाही, पैसा एका धनाढ्य कंपनीचा, आणि सरकार हात चोळीत राहिले, अशा मालमसाल्यातून नायक घडतो हे खरे. आपल्याकडेही बंडखोरांच्या गाथा रचल्या गेल्या आहेत. पण १८३२ साली पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाइकाच्या मागे इंग्रजी अमलाविरुद्धचा जाहीरनामा होता. कूपरजवळ होती ती एक चिठ्ठी, आणि तीही त्याने परत मागून घेतली. लोकांनी त्याला जी निष्ठा दिली ती त्याने कमावलेली नव्हती, असे मला निश्चित वाटते.

चित्रपटावरचा माझा खरा आक्षेप याच ठिकाणी आहे. कथेचा सगळा जीव उडीनंतरच्या पाठलागात ठेवल्याने, उडीपूर्वीचे जे पाच तास साक्षीपुराव्याने आपल्याला ठाऊक आहेत, ते पटकथेने वाटेवरच्या पायरीसारखे ओलांडून टाकले. चिठ्ठी प्रथम फ्लॉरेन्स शाफनर या सेविकेच्या हाती पडली. पुढचे बहुतेक तास त्याच्या शेजारी बसून राहिली ती टीना मक्लो, वय वर्षे २२. लाल नळकांड्यांची आणि तारांची ती पेटी त्याच्या हाताशी होती. छत्तीस प्रवाशांना, किरकोळ बिघाडामुळे विमान घिरट्या घालीत आहे, एवढेच सांगण्यात आले होते. आणि कॅप्टन विल्यम स्कॉट यांच्याशी त्याचे जे बोलणे व्हायचे ते मक्लोच्या हातातल्या दूरध्वनीवरून. ती त्याच्या सिगारेटी काडीने पेटवून देत होती, स्फोटाच्या पेटीपासून हातभर अंतरावर. सिॲटलच्या धावपट्टीवर खाली उतरून पैशाची जड थैली तिने स्वतः वर आणली, मगच प्रवासी सुटले, आणि छत्र्याही तिनेच आणल्या. त्याने नोटांचा एक जुडगा तिच्यापुढे केला तेव्हा, असे घेणे कंपनीच्या नियमात बसत नाही, असे सांगून तिने तो नाकारला. बाहेर पडण्याची संधी प्रवाशांना आणि इतर दोघी सेविकांना मिळाली. मक्लो विमानातच राहिली आणि त्याच्याबरोबर पुन्हा आकाशात गेली. आपण 'हवाई सुंदरी' या शब्दाने ज्या पेशाची बोळवण करतो, त्या पेशातली ही बाई.

भारतीय वाचकाला विमान अपहरणाचा पहिला मोठा धक्का त्याच वर्षी बसला होता. १९७१ च्या ३० जानेवारीस श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे फोकर विमान लाहोरला पळवून नेऊन पुढे जाळण्यात आले, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. परंतु मक्लोची आठवण यावी असा प्रसंग पंधरा वर्षांनंतरचा आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे ७३ क्रमांकाचे विमान कराचीला अतिरेक्यांनी ताब्यात घेतले, आणि मुंबईत वाढलेल्या, मुंबईत शिकलेल्या नीरजा भनोत हिने प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. तिचेही वय २२ होते. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत राम माधवानी यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कराचीचा रक्तपात आणि कूपरची रात्र यांची तुलना कोणी करू नये, मीही करीत नाही. पण विमानातल्या सेविकेला कथेच्या केंद्रस्थानी बसवता येते, आणि मग अपहरणकर्ता आपसूक आपल्या योग्य जागी जातो, एवढे त्या चित्रपटाने सिद्ध केले आहे. त्याच वर्षीच्या जुलैत एफबीआयने कूपर प्रकरणाचा सक्रिय तपास थांबवल्याचे जाहीर केले.

कूपरच्या मागे ज्या गोष्टी खरोखर उरल्या त्या रुक्ष आहेत. ७२७ विमानांच्या मागच्या जिन्याला 'कूपर व्हेन' नावाची एक पात बसवण्यात आली. वाऱ्याच्या झोताने ती वळते आणि हवेत असेपर्यंत जिना उघडू देत नाही. त्याचे अनुकरण करणारेही निघाले. त्यांतल्या रिचर्ड मकॉय याने १९७२ च्या एप्रिलात पाच लाख डॉलर घेऊन यूटा राज्यात उडी टाकली, दोन दिवसांत तो पकडला गेला, तुरुंग फोडून पळाला आणि १९७४ मध्ये गोळीबारात मेला. फरारी अपहरणकर्त्याचे खरे चरित्र हवे असेल तर ते हे आहे. १९७३ च्या जानेवारीपासून अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रत्येक प्रवाशाची झडती सक्तीची झाली.

हा चित्रपट कुठे मिळाला तर डुव्हॉलसाठी अवश्य पाहा; फक्त पाठलाग सुरू होण्याआधी, जे पडद्यावर नीट आलेले नाही, ते मनात आणा. विमान सिॲटलहून पुन्हा उडाल्यावर थोड्याच वेळात कूपरने मक्लोला पुढे वैमानिकांकडे जायला सांगितले. जाण्यापूर्वी, ही पेटी विमानात ठेवू नका, बरोबर घेऊन जा, अशी विनवणी तिने केली. आपण ती नेऊ किंवा निकामी करू, असे तो म्हणाला. पडदा ओढताना तिने एकदा मागे वळून पाहिले तेव्हा तो कमरेला काहीतरी बांधीत उभा होता. त्याला शेवटचे पाहणारी ती.