कारखान्यांच्या पट्ट्यातली कमी खर्चाची सहल

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला, १९६२मध्ये जन्मलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे बोलीतल्या ‘एमआयडीसी’ने, पुढे भोसरी-चिंचवड-आकुर्डीच्या जमिनींवर कारखाने वसवले आणि १९७०ची नगरपालिका १९८२मध्ये महानगरपालिका झाली, या सगळ्या काळात पिंपरी-चिंचवडकडे पोटासाठी येण्याची जागा म्हणूनच पाहिले गेले, सहलीची जागा म्हणून नव्हे. दोन दिवसांची कमी खर्चाची सहल आखणाऱ्यास नेमकी हीच गोष्ट सोयीची ठरते, कारण येथील लोकल, बस, शेअर रिक्षा आणि खानावळी पर्यटकासाठी नव्हे, तर पगाराच्या हिशेबात घर चालवणाऱ्या कामगारासाठी उभ्या राहिल्या आणि त्यांचे दरही त्याच्याच खिशाकडे पाहून ठरले.

सहलीचा वार आणि तिथी ठरवताना मात्र दोन वेगवेगळी पंचांगे पाहावी लागतात. विजेचा सगळा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना निरनिराळ्या वारी साप्ताहिक सुट्टी देण्याची जी पद्धत आहे, तिला कारखान्यांत ‘स्टॅगरिंग’ म्हणतात आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आलेला असल्याने त्या दिवशी कंपन्यांच्या बसगाड्या व मालट्रक यांची गर्दी इतर दिवसांपेक्षा कमी असते. दुसरे पंचांग वारकऱ्यांचे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरसाठी प्रस्थान ठेवते, तर कार्तिक वद्य पक्षात, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात, आळंदीत ज्ञानेश्वरांच्या १२९६मधील संजीवन समाधीचा सोहळा असतो. सोहळ्यासाठीच येणाऱ्याची गोष्ट निराळी, पण शांतपणे ठिकाणे पाहू इच्छिणाऱ्याने हे दिवस टाळावेत, कारण तेव्हा रस्ते वळवलेले असतात आणि एरवी स्वस्त मुक्काम देणाऱ्या आळंदीच्या धर्मशाळांत पाय ठेवायला जागा नसते.

राज्याच्या अन्य भागांतून एसटीने येणाऱ्याने पुणे शहरात न शिरता वल्लभनगरच्या आगारात उतरावे. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे असल्याने कुटुंबाच्या खर्चात मोठा फरक पडतो. आगाराजवळच मेट्रोचे संत तुकारामनगर स्थानक आहे. मेट्रोचे किमान तिकीट १० रुपये असून २०२२मध्ये पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंतच धावणारी ही मार्गिका सप्टेंबर २०२४पासून थेट स्वारगेटपर्यंत जाते. लोणावळ्याकडील ठिकाणांसाठी पुणे-लोणावळा लोकल सर्वांत स्वस्त, परंतु ती दुपारी विरळ धावते. दिवसभर फिरायचे असल्यास पीएमपीएमएलचा, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या संयुक्त बससेवेचा, दैनिक पास कंडक्टरकडेच मिळतो.

या पट्ट्यात परक्याची फजिती होते ती भाषेपेक्षा गावांच्या नावांमुळे. चिंचवड स्टेशन आणि चिंचवडगाव या दोन वेगळ्या जागा आहेत व मंदिरे गावात आहेत. देहूरोड ही लष्करी छावणीची वस्ती, तुकोबांचे देहूगाव तेथून काही किलोमीटर आत, आणि देहूफाटा तर चक्क आळंदीत आहे. आळंद्याही दोन असून ज्ञानेश्वरांची ती ‘आळंदी देवाची’ आणि सोलापूर रस्त्याच्या बाजूची ‘आळंदी म्हातोबाची’, त्यामुळे पूर्ण नाव उच्चारणे हाच सुरक्षित मार्ग होय. सोबत मराठी न येणारा पाहुणा असेल, आणि देशभरातून माणसे आलेल्या या शहरात तो बहुधा असतोच, तर त्याच्याकडून चार वाक्ये घोकून घ्यावीत: ‘दादा, एका सीटचे किती?’, ‘मास्तर, मंदिरापाशी उतरायचंय, आलं की सांगा’, ‘ताई, राइस प्लेटमध्ये काय काय येतं?’ आणि ‘सुट्टे नाहीत, ऑनलाइन चालेल का?’ शेअर रिक्षात सीट म्हणजे एक प्रवासी, आणि सगळ्या सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. आळंदी-देहूत अनोळखी माणसालाही ‘माऊली’ म्हणून हाक मारली जाते, स्त्री असो वा पुरुष.

पहिला दिवस चिंचवडगावाला द्यावा. पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. या गणेशभक्ताच्या परंपरेतील पालखी आजही भाद्रपदात व माघात मोरगावला जाते. तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर चापेकर बंधूंचा वाडा आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यातील गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या प्रकरणातून पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे सख्खे भाऊ फासावर गेले. जेवणासाठी पिंपरी कॅम्पात जावे, कारण फाळणीनंतर तेथे वसलेल्या सिंधी कुटुंबांचे डाळ-पकवान थोड्या पैशांत पोट भरते आणि या शहराच्या घडणीतला एक भागही समजतो.

दुसऱ्या दिवशी देहूगावाच्या आधी देहूरोडला उतरणे योग्य, कारण तेथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. एवढ्या महत्त्वाच्या ठिकाणी सहलीच्या गाड्या क्वचितच थांबतात, हे खटकते. पुढच्या बेगडेवाडी स्थानकाजवळच्या डोंगरात घोरावडेश्वराची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एका लेण्यात पुढे शिवलिंग आले आणि आता महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. पायऱ्यांची चढण असल्याने ती सकाळीच उरकावी व मग देहूगावात इंद्रायणीचा घाट, मुख्य मंदिर आणि गाथा मंदिर पाहावे.

वेळ उरल्यास चाकण. येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट, म्हणजे डोंगरावर नव्हे तर सपाटीवर बांधलेला किल्ला असून १६६०मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे ५५ दिवस लढवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. आज तटाचे व बुरुजांचे थोडेच अवशेष उरले असल्याने अर्धा तास पुरतो. चाकणच्या पश्चिमेस भामचंद्र डोंगर आहे. तुकाराम महाराजांनी तेथे साधना केली असे वारकरी मानतात, आणि पायथ्याशी येऊन भिडलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे डोंगराला धोका पोहोचू नये म्हणून वारकऱ्यांनी आंदोलनेही केली आहेत. तेथपर्यंत सार्वजनिक वाहन थेट मिळेलच असे नाही, म्हणून स्वस्ताईचा नियम येथे मोडून चौघांनी मिळून रिक्षा ठरवावी, भाडे परतीसह आधीच बोलून घ्यावे आणि संध्याकाळी पाळी सुटून नाशिक रस्ता तुंबण्यापूर्वी चाकण सोडावे.