डिस्क भरली? उडवण्याआधी एक प्रश्न विचारा

पीएचडीचं काम रंगात आलं की लॅपटॉपवर हमखास लाल पट्टी दिसते: जागा संपली! मग आपण सगळ्यात मोठ्या फाइल्स शोधतो आणि उडवतो. संशोधनात मात्र आकार हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: ही फाइल गेली तर परत मिळेल का?

बीड जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. समजा, तुमचा विषय दुष्काळ आणि ऊसतोड मजुरांचं स्थलांतर हा आहे. तुमच्याकडचा डेटा तीन गटांत पडतो.

१. परत मिळणारा. माजलगाव धरणातलं पाणी पाहायला तुम्ही सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा उतरवल्या. एक प्रतिमा साधारण ११० बाय ११० किलोमीटरची आणि बरेचदा पाऊण-एक जीबीची. पाच दिवसांना एक धरली तरी वर्षाचे पन्नास जीबी सहज होतात. पण त्या कोपर्निकसच्या संग्रहात फुकट मिळतात. प्रत्येकीचं पूर्ण नाव एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. त्यात तारीख, टाइल क्रमांक आणि प्रक्रियेची आवृत्ती असते. पाण्यासाठी बहुधा बँड ३ आणि ८ पुरतात. धरणापुरता भाग कापून ठेवा, बाकी काढा. झिप आणि उघडलेला फोल्डर दोन्ही पडून असतील तर एक लगेच जाऊ द्या.

२. परत बनवता येणारा. मधल्या टप्प्यातले नकाशे, तक्ते. कोड आणि मूळ डेटा शाबूत असेल तर हेही काढता येतात. आधी कोड एकदा चालवून बघा.

३. परत न मिळणारा. मुलाखतींचं रेकॉर्डिंग. एका तासाची स्टिरिओ वेव्ह फाइल साधारण ६०० एमबी, म्हणजे जवळपास एका उपग्रह प्रतिमेएवढीच! पण धारूरच्या एखाद्या ताईंनी उचल कशी फिटली ते यंदा सांगितलं, तेच पुढच्या वर्षी तसंच सांगतील असं नाही. दिवाळीच्या आसपास कोयते कारखान्यांकडे निघाले की गाठ पडणंही अवघड. शिवाय तुम्ही त्यांची संमती घेतलेली असते. ती नीट सांभाळण्याची जबाबदारीही आली. जागाच हवी असेल तर फ्लॅक प्रकारात बदला. आवाजातलं काही न गमावता फाइल बरीच लहान होते. लिहून काढलेली मुलाखत हा रेकॉर्डिंगला पर्याय नाही. थांबणं, हसणं, बोलीतला हेल कागदावर येत नाही.

आता तीन सापळे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज इथे ‘टेम्पररी फाइल्स’ काढता येतात, पण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही दिसतं, खूण करण्याआधी त्यात काय आहे ते बघा. शिफ्ट-डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधून फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही जाते, म्हणजे ती वेगळी प्रत नव्हेच.

तिसऱ्या गटासाठी ३-२-१ हा जुना नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपवरची मुलाखत काढायचीच असेल, तर आधी दुसऱ्या प्रती उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. नुसतं फाइलचं नाव दिसलं म्हणजे प्रत झाली, असं समजू नका.